आमचा जांभळा पाठिंबा

साड्यांचा रंग ठरवायला दोन दिवस लागले. आधी पिवळा म्हणाले, मग कोणीतरी सांगितलं की पिवळ्यात फोटो फिके येतात. मग मोरपंखी निघाला, तो निम्म्या बायकांकडे नव्हता, आणि शेवटी जांभळ्यावर शिक्कामोर्तब झालं. हे काही कोणाच्या लग्नासाठी चाललं नव्हतं. एका टीव्ही मालिकेच्या लेखकांनी काम बंद केलं होतं आणि आम्ही, त्या मालिकेचे चाहते, त्यांना पाठिंबा द्यायला घोडबंदर रोडच्या स्टुडिओवर जाणार होतो. त्या दोन दिवसांत ग्रुपवर मेसेजचा नुसता रतीब चालला होता. लेखकांचं म्हणणं काय आहे, हे त्यात एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. मी कपाटात माझी जांभळी नारायणपेठ शोधत होते.

मी डोंबिवलीत राहते. ठाण्यात एका सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी केली आणि तीसही वर्षं मसुदे लिहिले. पत्र माझं, सही साहेबांची. माझ्या एका पत्राचं वरून कौतुक आलं तेव्हा साहेबांनी ऑफिसभर पेढे वाटले आणि मला एकाऐवजी दोन दिले. निवृत्त झाले त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि ‘बाईंचं अक्षर फार सुंदर’ असं भाषण मिळालं. अक्षर! तेव्हापासून लिहिण्याचा विषय निघाला की माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते निम्मं त्यामुळे झालं.

निवृत्तीनंतर मी त्या मालिकेला लागले. लागले हाच शब्द बरोबर आहे. संध्याकाळी सातची मालिका. कोकणातल्या एका गावातली खानावळ, ती चालवणारी सून आणि तिची सासू. मुलगा घर सोडून गेला, त्याचा दोष सुनेवर ठेवून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलेलं. आठ महिने ती बाई पडद्यावर सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. ताट सरकवायची, पदर ओढून घ्यायची, चुलीकडे तोंड करून बसायची, आणि आम्ही सात वाजता कुकरखालचा गॅस बंद करून तिचं न बोलणं ऐकायला बसायचो. विषाचे पेले, जुळ्या बहिणी, स्मृती गेलेले नवरे, असलं काही त्यात नव्हतं. माझा नवरासुद्धा पेपरच्या आडून बघायचा.

चाहत्यांचा ग्रुप चालवायची ठाण्यातली एक बाई. तिला सगळे अ‍ॅडमिनताई म्हणायचे. पूर्वी ती खोपटला हॉबी क्लास घ्यायची, केक, मेंदी, पणत्या रंगवणं वगैरे. माणसं गोळा करायची आणि त्यांना कशाला तरी जुंपायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ग्रुपवर रोज एकच चर्चा: सासूबाई बोलणार कधी, आणि बोलणार काय?

आता मला एक गोष्ट ठाऊक होती जी ग्रुपवर कोणालाच ठाऊक नव्हती. सासूबाई काय बोलणार ते ठरवणारी मुलगी माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर भाड्याने राहायची.

पस्तिशीची, चष्मेवाली, केसांचा कायम बुचडा. राहायला आली तेव्हा मला वाटलेलं, ही कॉल सेंटरमध्ये असणार. दिवसभर घरी आणि दिवसभर फोनवर. एके दिवशी दार वाजवून म्हणाली, “काकू, नवऱ्याचा राग आला की तुमच्या गावच्या बायका काय बोलतात हो? पण शिवी नको, शिवी चॅनल पास करत नाही.” मी हसत दोन-तीन वाक्यं सांगितली. तिसऱ्या दिवशी सात वाजता त्यातलं एक वाक्य सुनेच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. जिना चढून वर गेले. ती म्हणाली, “हो, संवाद मी लिहिते. पण प्लीज काकू, तुमच्या त्या ग्रुपवर सांगू नका. जगू देणार नाहीत.”

मी सांगितलं नाही. तेवढा शब्द पाळला.

तिचं काम मी जवळून बघितलं. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद ही. आज शूटिंग व्हायचे सीन काल संध्याकाळी हिच्याकडे यायचे. ते लिहून पहाटे पाठवायचे. नट मंडळी केस विंचरून घेता घेता ते फोनवर वाचायची आणि सुनेचं काम करणारीला एखादा शब्द जड वाटला की हिला फोन. रविवार नाही, गणपती नाही. डेंग्यू होऊन ती दवाखान्यात होती तेव्हा मी खिचडी घेऊन गेले. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन, आणि ती सीन बोलून पाठवत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला हळूच म्हणाली, “हिच्या घरी फारच भांडणं दिसतात.”

मी तिला अधूनमधून डबा द्यायचे. भाजी, आमटी, कधी घावन. ती डबा कधी रिकामा परत करायची नाही. आईने लावलेली सवय असणार, आपल्याकडे कोणी रिकामं भांडं परत देत नाही. पण तिला स्वयंपाक शून्य येत होता आणि घरात काही नसायचं. मग डब्यात कधी दोन बिस्किटं, कधी एक लिंबू, एकदा तर चक्क शाम्पूची पुडी. “आज एवढंच आहे काकू,” म्हणून डबा हातात द्यायची.

तर या मुलीने आणि आणखी दोन मालिकांच्या लेखकांनी मिळून काम बंद केलं. जिन्यात भेटली तेव्हा तिने मला सांगितलं. मागणं दोन गोष्टींचं होतं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि पडद्यावर नाव. भाग संपताना नावांची पट्टी यायची ती वाचता येणार नाही इतक्या वेगाने पळायची, आणि गेल्या सहा महिन्यांपासून लेखकांची नावं त्यातूनही गेली होती. त्या जागेवर दुसऱ्या मालिकेची जाहिरात लावायची होती म्हणे.

“पण तुमच्यावाचून अडणार आहे का त्यांचं?” मी विचारलं.

“एरवी नसतं अडलं. दुसरे कोणी बसवले असते. पण आता अडतंय.” तिचे डोळे चमकले. “चॅनलने जाहिरात करून टाकलीय ना, रविवारी दोन तासांचा खास भाग, सासूबाई बोलणार. आमच्याकडे तयार भागांना बँक म्हणतात. बँक चार दिवसांची आहे. रविवारचं बाकी सगळं लिहून दिलंय, पण सासूबाई काय बोलणार ते माझ्या एकटीकडे आहे. डायरेक्टरला पण नाही सांगितलेलं. एकच वाक्य आहे काकू, पण त्या वाक्याशिवाय रविवार होत नाही.”

“काय आहे वाक्य?”

हे मी विचारलं. मीच. ती हसली. “रविवारी कळेल. नाहीतर कधीच नाही.”

मला संप म्हणजे काय ते सांगायला कोणाची गरज नव्हती. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते. मी शाळेत असताना तिथे संप झाला. पुढच्या गेटवर वडील आणि त्यांचे सोबती बसलेले आणि मागच्या गेटने, नाल्याच्या बाजूने, कंपनीने काही माणसं आत नेली. त्यातला एक आमच्या शेजारचा. संप मोडला. शेजारी म्हणायचा, मी फक्त मशिनी पुसायला गेलो होतो, चालवल्या नाहीत. वडील त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्याच्याकडून सत्यनारायणाचा प्रसाद आला तर आईने आम्हा मुलांना वाटला. वडिलांनी हात लावला नाही. म्हणाले, “देव आपला आहे, शिरा त्याचा आहे.” कोणाचं वागणं मनातून उतरलं की आमच्या घरात अजून म्हणतात, मागच्या गेटचा आहे तो.

हे मी बालपणापासून ऐकत आलेली बाई. आता पुढचं वाचा.

बुधवारी आम्ही वीस-पंचवीस जणी आणि तीन निवृत्त पुरुष जांभळे होऊन स्टुडिओच्या गेटवर उतरलो. अ‍ॅडमिनताईने फलक छापून आणले होते. फलकावर मोठ्ठा फोटो सासूबाईंचा, आणि खाली बारीक अक्षरात ‘आम्ही लेखकांसोबत’. लेखक एका झाडाखाली सतरंजीवर बसलेले. दहा-बारा जण असतील, कळकट टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, थकलेली तोंडं. माझी वरच्या मजल्यावरची त्यांच्यात होती. मी ओळख दाखवली नाही, तिनेच सांगितलेलं ना. पण मला बघून तिला बरं वाटलं, ते दिसलं. साठीची एक बाई, तीही पाठिंब्याचा फलक घेऊन उन्हात उभी, म्हणजे आपल्यामागे लोक आहेत असं तिला वाटलं असणार.

पाच मिनिटं घोषणा झाल्या. तेवढ्यात आतून सुनेचं काम करणारीची गाडी बाहेर आली आणि आमचा पाठिंबा तिकडे पळाला. फलक टाकून पळाला. एक फलक सतरंजीवरच्या एका मुलाच्या डोक्यावर पडला, त्याने तो उचलून व्यवस्थित झाडाला टेकवून ठेवला. काचेला नाकं लावलेल्या त्या बायका बघून मला माझ्याच साडीची लाज वाटली. ती नटी बिचारी काच खाली करून हसली. मग फोटो. मग एकेकीचा वेगळा फोटो. मग गाडी गेली तेव्हा पुन्हा लेखकांकडे, कारण वडापाव वाटायचे होते आणि वाटतानाचे फोटो काढायचे होते. डोंबिवलीची एक, माझ्याच बाजूची, त्या मुलाला म्हणाली, “तू जरा सरकतोस का बाळा? मागे गेट आलं पाहिजे.”

वडापाव हातात देताना प्रत्येकीचा प्रश्न एकच. “सांगा ना, काय बोलणार सासूबाई? आम्ही कोणाला नाही सांगणार.” लेखक ओशाळं हसत होते. मला शिसारी आली. आली, तरी परतताना बसमध्ये मी सगळ्यांबरोबर चिवडा खाल्ला आणि फोटोत मी कशी आलेय ते बघितलं.

त्याच संध्याकाळी अ‍ॅडमिनताईच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. ग्रुपवर तिचा आवाज आला: “मैत्रिणींनो, नुसतं जाऊन उपयोग नाही. चॅनलला दिसलं पाहिजे आपण किती वेड्या आहोत ते! प्रत्येकीने लिहा, तुमच्या मते सासूबाई काय बोलतील. मस्त सीन लिहा. मी सगळे चॅनलच्या पेजवर टाकते. त्यांना कळू दे, पब्लिक थांबलंय, लेखकांशी पटकन सेटल करा. आणि हो, बेस्ट सीनला माझ्याकडून पैठणी पर्स!”

तिला यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला वाटतं ते खरंच होतं. आपल्याकडे पाठिंबा म्हणजे स्पर्धा. गणपती असो, स्वच्छता असो, कॅन्सर असो, आधी रांगोळी स्पर्धा होते, मग बक्षीस समारंभ. दुसरी पद्धतच कोणाला माहीत नाही. संपाची जी एकच ताकद होती, ते एक वाक्य, त्याचीच आम्ही स्पर्धा लावली. आणि प्रॉडक्शनमधला एक माणूस तिने कौतुकाने ग्रुपमध्ये घेतला होता. “आपलाच आहे,” म्हणाली. “तो वरपर्यंत पोचवेल.”

मी तिला फोन केला. तेवढं केलं. म्हटलं, “अगं, हे त्यांच्या हातात आयतं पडणार नाही का? उद्या यातलंच एखादं उचललं तर?”

ती खळखळून हसली. “काय ताई तुम्ही पण! आपलं कोण उचलणार? आपण काय लेखक आहोत का?”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. नवऱ्याने पेपरच्या आडून विचारलं, “काय झालं?” काही नाही म्हटलं. पण ‘आपण काय लेखक आहोत का’ मला झोंबलं होतं. तीस वर्षांचे मसुदे, दोन पेढे आणि सुंदर अक्षर, सगळं एकदम वर आलं. ग्रुपवर तोवर सीन पडायला लागले होते. काय ते सीन! सासूबाई गडगडाटात म्हणतात, तूच माझा मुलगा आणि तूच माझी मुलगी. सासूबाई देवीच्या देवळात घंटा वाजवून आक्रोश करतात. सासूबाई इंग्रजीत सॉरी म्हणतात. त्याखाली बदाम, टाळ्या, रडके चेहरे. आठ महिने जी बाई ताट सरकवत आली तिला या लोकांनी कुठे नेऊन ठेवलं!

गुरुवारी सकाळी, चहा व्हायच्या आत, मी लिहून पाठवलं. पाच ओळी होत्या. सून जेवायला वाढते. सासूबाई ताट पुढे ओढतात. आठ महिन्यांत पहिल्यांदा मान वर करून सुनेकडे बघतात. एक घास खातात. म्हणतात, “आमटीत मीठ कमी आहे.” सून मीठ आणायला आत जाते आणि तिथेच थांबते. संपलं.

हे मी रचलेलं नव्हतं. माझं लग्न माझ्या सासूबाईंना पसंत नव्हतं. पाच महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा हेच बोलल्या. मी मिठाची बरणी घेऊन ओट्याशी रडत उभी राहिले होते. त्या बाहेरून ओरडल्या, “आणतेस ना?” संसार त्या दिवशी सुरू झाला.

ग्रुपवर जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. काय सुंदर, काटा आला, ताई तुम्ही इतके दिवस कुठे होतात. मी प्रत्येक मेसेज दोनदा वाचला. भाजी करपली, तरी वाचत होते. त्यानंतर फोन आला. प्रॉडक्शनवाला.

“मॅडम, तुमचं ते मिठाचं एकदम भारी आहे. वापरलं तर चालेल ना तुम्हाला?”

मला कळलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. कळलं होतं. डोक्यावरच्या मजल्यावर ती मुलगी चालत होती, तिच्या चपलांचा आवाज येत होता. मी म्हटलं, “चालेल की.” आणि पुढे, कोणी न विचारता, म्हटलं, “नाव येईल का हो?”

“बघतो मॅडम. काहीतरी नक्की करतो.”

एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असेल. ती मुलं ज्यासाठी उन्हात सतरंजीवर बसली होती तेच मी मागितलं, आणि तेही मागच्या गेटने.

रविवारी अ‍ॅडमिनताईच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मोठा पडदा लावला होता. पुन्हा जांभळ्या साड्या, पाठिंब्याचा रंग म्हणून. मी गेले. का गेले ते विचारू नका, मला बघायचं होतं. दोन तासांत पाऊण तास जाहिराती. शेवटी सून ताट घेऊन आली. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. मान वर केली. घास घेतला. त्यांचं काम करणारी ती नटी मोठी, तिने किंचित थांबून, चव जिभेवर घोळवून म्हटलं, “आमटीत मीठ कमी आहे.”

पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही. आतून एकदम ऊन पडल्यासारखा, आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद. क्लबहाउस ओरडत होतं, कोणीतरी मला मिठी मारली, कोणीतरी शिट्टी वाजवली, एवढ्या गंभीर सीनला शिट्टी. मग भाग संपला आणि नावांची पट्टी आली. त्या दिवशी ती पळाली नाही. सावकाश वर सरकली, सगळ्यांना वाचता यावी म्हणून. कथा, कोणाचंच नाव नाही. पटकथा, नाव नाही. आणि मग ठळक अक्षरात, फुलांच्या वेलीत: ‘संवाद : आपले लाडके प्रेक्षक’.

बायका उड्या मारायला लागल्या. फोन वर झाले, फोटो निघाले. “बघा, आपलं नाव टीव्हीवर!” अ‍ॅडमिनताईच्या डोळ्यांत पाणी होतं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “म्हणजे संप मिटला वाटतं?” “मिटलाच असणार,” ती म्हणाली, “नाहीतर भाग कसा आला असता?” आणि पेढे वाटायला घेतले. मला तिने एकाऐवजी दोन दिले.

मी ते तिथेच टेबलावर ठेवले. अंगावरच्या साडीची, त्या वेलीची, माझ्या मघाच्या आनंदाची, सगळ्याची एकदम किळस आली. बक्षिसाची पैठणी पर्सही तोवर माझ्या काखेत अडकवून झाली होती. घरी येईपर्यंत मी ती रिक्षात विसरायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्याने हाक मारून दिली.

सोमवारी सकाळी ती जिन्यात भेटली. खाली उतरत होती, हातात दुधाची पिशवी ठेवायची बास्केट. मला वाटलं ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं.

“बघितलं काकू,” ती म्हणाली. “छान झाला सीन.”

“अगं, मला...” मी सुरू केलं, “ते माझ्या सासूबाईंचंच वाक्य होतं. मी काही तुझं...”

“माहितीये मला. तुम्हीच सांगितलेलं. दोन वर्षं झाली, आमटी घेऊन वर आलेलात तेव्हा. तुमच्या लक्षात नाही.” तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. “मी तेच लिहिलेलं. शब्द न् शब्द. त्या एका वाक्यासाठी तर आठ महिने सासूला गप्प बसवलेली. म्हणून कोणालाच दाखवलं नव्हतं. भाग जायच्या आधी तुम्हाला विचारणार होते, वापरू का म्हणून.”

विचारणार होती. दुसऱ्याने विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते तिला माहीत होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

“आता काय?” मी विचारलं.

“आता काही नाही. बाकीचे उद्यापासून जॉइन होतायत. सुट्टी नाही, नाव नाही. मला नका येऊ म्हणालेत. प्रेक्षकच लिहितायत म्हणे, फ्री आणि चांगलं.” ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “त्या दिवशी तुम्ही गेटवर आलात ना, जांभळी साडी नेसून, तेव्हा मी बाजूच्याला म्हटलेलं, या आमच्या काकू.”

दुपारी प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला. मॅडम, पुढचं काही सुचलं तर पाठवा. मी फोन कापला. पण खरं लिहायचं तर पूर्ण लिहिते. फोन कापताना माझ्या डोक्यात मिठाच्या पुढचा सीन तयार होता, आणि चांगला होता.

मग मला येतं तेवढंच मी केलं. आमटी केली, चिंच-गुळाची, तिला आवडायची तशी. डबा भरून वर गेले. तिने दार उघडलं, आत खोकी बांधायला काढलेली होती. टिटवाळ्याला मैत्रिणीकडे जातेय म्हणाली, तिथून बघू. डबा घेतला, थँक्यू म्हणाली. आत या म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला होता. स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला. मी झाकण उघडून बघितलं. मग पिशवी उलटी करून झटकली, आणि मग पुन्हा डब्यात बघितलं. काही नव्हतं.